गोष्टीत कोण कोण आहे म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे सरका, या शेवग्याच्या बाजूला. तिकडं उभं राहून बोललं की अक्कांच्या पडवीत शब्दन्‌शब्द जातो, आणि अक्कांचे कान कसे आहेत ते तुम्हाला मी काय सांगायचं. तर त्यांची धाकटी सून हो, गोठ्यात दिवसभर खाली मान घालून असते ती, जिला आपण सगळ्या मुकी समजत होतो, तिनं कथास्पर्धेत गोष्ट पाठवली! दिवाळी अंकाची स्पर्धा. चांगली पाकिटात घालून, वर तिकीट लावून. मी तर पदरच लावला तोंडाला.

कळलं कसं म्हणता? डेअरीवर कळलं. निमोण्यात दुसरीकडं कुठं कळतं काही? मागच्या पगाराच्या वेळची गोष्ट. फॅट कमी लागली म्हणून तिचा नवरा घरची दुधाची वही घेऊन तावातावानं डेअरीवर गेला. काट्यावरच्या पोरानं वही घेतली ती नेमकी उलट्या बाजूनं उघडली. आणि मेला मोठ्यानं वाचायला लागला! ‘म्हैस व्याली त्या रात्री सासूबाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.’ पुढं आणखी चार ओळी वाचल्यान्. रांगेत सगळे गप. कुणाच्या तरी कॅनचं झाकण पडलं, ते उचलायलासुद्धा कोणी वाकेना. आणि नवऱ्याचं तोंड? आधी लाल, मग पांढरं. वही हिसकावली आणि म्हणतो कसा, “पोरीचा अभ्यास आहे तो.” अहो, पोर दुसरीत! दुसरीतली पोर म्हशीचं बाळंतपण लिहिते होय?

झालं. सकाळचं दूध गाडीत चढायच्या आत गोष्ट गुनाटच्या फाट्यापर्यंत पोचली.

तशी ती लिहायची कधी, हे मला आधीपासून माहीत होतं बरं का. म्हणजे काय लिहिते ते नव्हतं माहीत. पण रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात उजेड दिसायचा. आता आपल्याकडं मोटारीची लाईट यायची रात्री, त्यामुळं गडी माणसं बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणार, आणि उसात बिबट्या. कुणाची बायको झोपते हो अशा रात्री? मी जपमाळ घेऊन बसते. माझी जाऊ मोबाईल घेऊन बसते. ही वही घेऊन बसायची. नवऱ्याची बॅटरी बांधावरून येताना दिसली की उजेड बंद. मला वाटायचं, काटकसरी आहे हो पोर.

तर काय सांगत होते? हां, बचतगटाची मीटिंग. मारुतीच्या देवळात. तुम्ही त्या दिवशी माहेरी गेला होतात, मोठं मुकलात बघा. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, आणि सगळ्यांचे डोळे मात्र त्या पोरीवर. ती आपली सतरंजीचा धागा ओढत बसलेली. शेवटी तिच्या थोरल्या जावेला राहवेना. म्हणाली, “आमच्या घरातलं गावभर करायला निघालीया ही. कुठल्याशा स्पर्धेचा कागुद बी कापून ठेवलाय पेपरातला. सासू काय, दीर काय, समद्यांला छापनार हाय.” बघा, म्हणजे स्पर्धेचं आपल्याला त्या क्षणी कळलं. डेअरीवर नुसती वहीच फुटली होती!

पोरीचे डोळे भरून आले. म्हणाली, “नाही पाठवत मी. फाडून टाकीन.” एवढंच. आणि तुम्हाला सांगते, तीनचार जणींचे चेहरे कसे सैल पडले. मी मोजत होते ना! ज्यांचं ज्यांचं काही ना काही त्या पोरीनं पाहिलंय, त्या सगळ्या पदर सावरून बसल्या. कॅन्सल झालं म्हटल्यावर जीव भांड्यात.

पण आपल्या जुन्या बाई बसल्या होत्या ना मागं. आपल्या पोरांना चौथीपर्यंत ज्यांनी बडवलं त्या. रिटायर झाल्या तरी आवाज तोच. म्हणाल्या, “घरातलं गावभर करायची आपल्या तालुक्याला जुनी सवय आहे. घोडनदीच्या बाळूताईनं तर महाराष्ट्रभर केलं होतं.”

आता बाळूताई म्हणजे खऱ्यांची बाळूताई हो. मालतीबाई बेडेकर म्हणतात त्या. जन्म इथला, आपल्या घोडनदीचा, १९०५ चा. बाजाराला जातो ना आपण, तेच शिरूर. वडील खरेमास्तर, त्यांच्यावर तर पुढं तिनं अख्खं पुस्तकच लिहिलं. आणि आई दुधाचा धंदा सांभाळायची म्हणे. हे ऐकल्यावर आमच्या डेअरीवाल्या बायका लगेच सावरून बसल्या. इतका वेळ कुणीतरी पुण्याची शिकलेली बाई चालली होती, आता ती आपल्यातली झाली!

तर ही बाळूताई शिकायला गेली हिंगण्याला, अण्णा कर्व्यांच्या आश्रमात. शिकून पुण्याला कन्याशाळेत मास्तरीण, पुढं हेडमिस्ट्रेस. आता तुम्हीच सांगा, मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस म्हणजे कसं सगळं जपून. येता-जाता लोक बघणार, पदर कुठं आहे, चप्पल कसली आहे. आणि ह्या बाईनं लिहिलं काय? तर शिकलेल्या, कमावत्या, पण लग्न न झालेल्या पोरींच्या मनात काय चालतं ते! हुंड्यापायी राहिलेल्या, घरच्यांना पगार हवा म्हणून मुद्दाम ठेवून घेतलेल्या... आहेत ना हो अशा आजही, नावं घेत नाही मी. ‘कळ्यांचे निःश्वास’. साल १९३३. त्या वेळी पुण्यात बाईनं असलं काही नुसतं मनात आणलं तरी लोक दाराला कडी लावून घेत.

मग नाव कसं घालणार? नाव घातलं विभावरी शिरूरकर. विभावरी कुणाची कोण ते सोडा, पण शिरूर मात्र आपलंच! म्हणजे बघा की, लपायला गेली आणि गावाचा पत्ता मागं ठेवून गेली. मला तर बाई तिचं हे फार आवडलं. आडनाव लपवेल, नोकरी लपवेल, पण घोडनदी काही सोडवेना.

आणि मग जो गलका झाला! पुस्तक छापलं ह. वि. मोट्यांनी, आणि त्यांनी तोंड असं मिटलं की काही विचारू नका. कोण ही शिरूरकर? बाई आहे की बाप्या? कुणी म्हणे बाई असं लिहूच शकत नाही, कुणी म्हणे बाईशिवाय दुसरं कुणाला इतकं आतलं कळणार? वर्तमानपत्रातून चर्चा, सभांमधून निषेध. आणि मला काय वाटतं सांगू, ही बया त्याच पुण्यात, त्याच शाळेत, फळ्यावर तारीख घालत असणार. शिक्षकांच्या खोलीत हाच विषय निघत असेल, आणि हिला तोंडावर काही येऊ न देता चहा प्यायचा! आपल्याला जमेल का हो? मला तर नाही जमणार. मी पहिल्या दिवशीच सांगून मोकळी.

आणि गप्प बसली का? छे! पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची गोष्ट, पण टाकलेली बाई रडत माहेरी बसलीय असली नव्हे हं. तिला प्रेम हवंय, मूल हवंय. बाईंनी हे सांगितलं तेव्हा सतरंजीवर अशी शांतता... आमच्यात एक आहेच ना तशी, माहेरी राहिलेली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. पण सगळ्यांनी बघायचं टाळलं ते मात्र मी बघितलं.

पुढचं ऐका. सोलापूरला सेटलमेंटवर नोकरी केली, इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून शिक्का मारून तारेच्या कुंपणात कोंडलेली माणसं होती ना, तिथं. त्यावर ‘बळी’ लिहिलं, ते १९५० ला आलं. मधे १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न, ते ‘रणांगण’वाले. आणि १९८१ साली मुंबईला समांतर साहित्य संमेलन भरलं, सरकारशी वाकडं घेऊन, त्याच्या अध्यक्ष कोण? ह्याच बाळूताई! पंच्याहत्तरीच्या घरातल्या. पन्नासेक वर्षांपूर्वी नाव लपवणारी बाई माईकसमोर, सगळ्यांच्या देखत. पार २००१ पर्यंत होत्या की त्या. म्हणजे आपली लग्नं झाली, पोरं झाली, तेव्हा होत्या, आणि आपल्याला शिरूरला पातळं घेताना कुणी सांगितलं नाही, की इथली एक बाई... जाऊ द्या, मला ह्याचा राग येतो. पुतळे कुणाचे उभारायचे ते आपल्या लोकांना कधी कळायचं?

थोरल्या जावेचं तोंड एवढंसं झालं होतं. तरी म्हणते कशी, “त्या शिकल्याल्या व्हत्या.”

मग लगेच दुसरी कुणीतरी म्हणाली, “नायतर काय. आन शिकल्यालीच कशाला पायजे, बहिणाबाईला कुठं लिव्हता येत व्हतं? तिनं कुठं पाकीट धाडलं? नशिबात आसलं की आपसूक व्हतं.” बायका माना हलवायला लागल्या. आपसूक होतं म्हटलं की बरं वाटतं ना, काही करायला नको.

बाई काय म्हणाल्या ते ऐका. म्हणाल्या, “बहिणाबाईंची गाणी त्यांच्या सोपानदेवानं उतरवून ठेवली, अत्र्यांना नेऊन दाखवली, तेव्हा १९५२ ला पुस्तक निघालं. बहिणाबाई १९५१ ला गेल्या. हातात धरून बघितलं नाही त्यांनी. आणि आता मला सांग, तुझ्या घरात सोपानदेव आहे का?” सगळ्या खदखदून हसल्या. ती म्हणाली, “आमचा सोपानदेव दिवसभर रीलं बघतोय.” आणि त्या हसण्यात काय झालं माहितीये का, ती पोरसुद्धा हसली. मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले हो. लग्न होऊन आलीय कधीची!

मग बाईंनी तो कागद मागून घेतला. चष्मा लावून नियम वाचले. एका बाजूला लिहावं किंवा टाईप करावं, कथा स्वतःची असावी, आधी कुठं छापलेली नसावी, अडीच हजार शब्द, शंभर रुपये फी. आणि शेवटी काय, तर कथेवर नाव-गाव घालू नये! नाव वेगळ्या कागदावर लिहून आत टाकावं, परीक्षकाला कळता कामा नये. बाईंनी ते दोनदा वाचलं, त्या जावेकडं बघत. म्हणाल्या, “घ्या. बाळूताईला जे चोरून करावं लागलं ते आता नियमातच बसवलंय.”

आता धीर आला म्हणता एवढ्यानं? छे हो. धीर असा येत नसतो. घरी गेल्यावर पुन्हा टेन्शन. तिला परीक्षकांची भीती नव्हतीच मुळी. ते पुण्या-मुंबईचे कोण कुठले, त्यांनी नाक मुरडलं तर हिला थोडंच दिसणार आहे? तिला भीती पडवीची. अक्का काय म्हणतील. आणि खरं सांगू का, भीती ह्या कुंपणाचीही असेल. लोक फार बोलतात हो आपल्याकडं.

तर काय सांगत होते, अक्का. डेअरीच्या दिवसापासून अक्कांनी सुनेशी बोलणं टाकलं होतं. आणि एक दिवस दुपारी, मी आपली इथं कढीपत्ता तोडत होते, मुद्दाम नाही हं, आमटीला हवा होता, तर अक्कांचा आवाज आला, “वाच.” ती म्हणाली, “काय आत्या?” “त्येच. म्हशीचं. समद्या गावानं आयकलं, मी एकटी ऱ्हायले.” मी कढीपत्त्याचं एकएक पान तोडायला लागले.

पोर वाचायला लागली. आधी आवाज इतका बारीक की मला वाकून... म्हणजे फांदी खालची होती. मग हळूहळू मोकळा झाला. अक्का मधे हूं का चूं नाहीत. वाचून झालं. आणि मग अक्का म्हणतात कशा, “मुऱ्हा कशापायी लिव्हलंस? पंढरपुरी व्हती आपली. लांब शिंगाची. आन रात्री न्हाय व्याली, पहाटं व्याली, चांदणी निघाल्यावर.” ती म्हणाली, “बरं, करते दुरुस्त.” थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अक्का म्हणाल्या, “आन म्हशीमुळं न्हवते बोलले मी तवा. तू गोठ्यात तोंड दाबून रडत व्हतीस, म्हनून बोलले.”

अहो, मला काही सुचेना. कढीपत्ता सगळा खाली. आमटी तशीच केली त्या दिवशी.

पण अक्का त्या अक्काच. फीचे शंभर रुपये कनवटीचे काढून दिले आणि वर म्हणाल्या, “बक्षीस लागलं तर दीडशे घीन.” आता बोला!

मग पुढची गंमत. टाईप करायचं कसं? शिरूरला डीटीपीवाल्याकडं द्यायचं तर तो पानामागं पैसे मागतो, आणि वाचतो, आणि सांगतो चार जणांना. म्हणून तिनं मोबाईलमध्ये बोलून लिहायचं ठरवलं. आपण बोलायचं आणि तो लिहितो, ते. ही म्हणायची “कासरा”, तो लिहायचा “कसारा”. म्हैस कसाऱ्याला बांधून ठेवलेली! “गव्हाण” म्हणाली की काहीतरी भलतंच गाव यायचं. “खरवस” तर त्याला येईचना. शेवटी नवरा बसला शेजारी. तोच हो, पोरीचा अभ्यास म्हणणारा. एकएक शब्द बोटानं सुधारत. मी विचारलं त्याला दुसऱ्या दिवशी सहज, “काय भाऊजी, रात्रीचं पाणी नाही का द्यायचं?” तर लाजला आणि म्हणाला, “आज मोटारीला लाईट न्हवती.” लाईट होती. आमच्याकडं होती.

आणि शब्द मोजले तर चार हजारांच्या वर! मर्यादा अडीच हजार. मग छाटणी सुरू. खरी मजा इथं आहे बघा. आधी काय, तर घरादाराला धास्ती, मला घातलंय का, मला घातलंय का. आता बातमी फुटली की छाटणी चाललीय. तर थोरली जाऊ एकदम कामाला लागली! सकाळी आधी उठून शेण काढलं, हिला चहा नेऊन दिला, आणि मग हळूच, “माझं काय ठिवलंस का गं?” ही म्हणाली, “जाऊबाई, तुमच्या लग्नाचा सगळा भाग डिलीट करावा लागला. बसत नव्हता.” अहो, जावेचं तोंड! मीटिंगमध्ये पडलं होतं त्याच्या दुप्पट पडलं. “एवढं मोठं लग्न झालं माझं, बँड व्हता शिरूरचा, आन बसंना?” दोन दिवस फुगून बसली. आता सांगत सुटलीय, की गोष्टीत दम नाही, माणसंच कमी आहेत.

दिराला काढलाय. मामंजी एका वाक्यात आहेत म्हणे, खोकतात. डेअरीच्या काट्यावरचा पोरगा आहे, त्याला बरोब्बर घातलाय, आणि तो मेला खूश! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “आमच्यावर कथा हाय.” चारोळीभर वाचलंन् एका सकाळी, आणि आता जन्माचा नायक.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी गेली दोघं शिरूरला, मोटारसायकलवर. पोस्टात रजिस्टर केलं. परत येताना कुठं थांबली होती, भेळ खाल्ली का रसवंतीला बसली, ते अजून कळलेलं नाही, पण काढीन मी. नाव वेगळ्या कागदावर घातलंय, आणि काय घातलंय ठाऊक आहे? तिचं, वडिलांचं आणि मग निमोणे, तालुका शिरूर. सासरचं आडनाव नाही. अक्कांना सांगितलं कुणीतरी, कोण ते विचारू नका, तर अक्का म्हणाल्या, “गाव तर आपलंच घातलंय न्हवं? मग झालं.”

निकाल लागायला अवकाश आहे. लागो न लागो, आमच्यातल्या दोघी आत्ताच बाईंकडं वह्या घेऊन जायला लागल्यात. त्यातली एक, ती माहेरी राहिलेली. तुम्हाला म्हणून सांगतेय.

बरं, खरं तुम्हाला थांबवलं ते दुसऱ्याच कामासाठी. त्या गोष्टीत म्हणे एक शेजारीण आहे. कुंपणाशी उभी असते, हातात काहीतरी निवडत असते, आणि तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. आता आपल्या आळीत अशा कितीजणी असतील, मला त्याचं काही नाही. पण पहिल्या लिखाणात तिची चांगली दोन पानं होती असं तिचा नवरा बोलून गेला. छाटणीत ठेवलीन् का हो ती? सगळी नाही तर निदान कढीपत्त्याचा भाग तरी? तुम्ही उद्या त्यांच्याकडं विरजण मागायला जालच, तेव्हा विचारा ना सहज. पण माझं नाव नका हं घेऊ.